पणजोबांच्या नावापुढचा शब्द

गुरुवार, संध्याकाळ

आज सेनगावकडच्या तांड्यावरची आठवीची मुलं आमच्या रेकॉर्ड रूमला भेट द्यायला आली होती. निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदवहीतून मी त्यांच्यातल्या कविताला तिच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवलं. पोरगी हरखली. मग माझं बोट ज्यावरून पुढं सरकलं, त्या नावापुढच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे काहून सोडलं?"

थाप मारावी का? जीभ रेटेना.

"गुन्हेगार जमात, असं लिहिलंय."

"काय केलं होतं त्यांनी?"

"काहीच न्हाई, बेटा. तांड्यावर जन्मले, एवढंच. तवा सरकार अख्ख्या जमातीवरच हा शिक्का मारायचं."

तिने दोन्ही वाक्यं शांतपणे वहीत लिहून घेतली. मी मात्र इतकी वर्षं लेकरांना हीच नोंदवही दाखवून राहिलो, आणि तो शब्द दर वेळी गाळत आलो.