शिकवताना हात मागे

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर आता फार साथ देत नाही, म्हणून कागदावरच वाकते.) तुम्ही आणि मामी कसे आहात? गुडघे काय म्हणतात? सकाळचं फिरणं चालू आहे की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन, तिथे बसून, 'फिरून आलो' असं मामींना सांगणं चालू आहे? आम्ही इकडे मजेत. हे मजेत नाहीत, पण त्याचं कारण पुढे येईलच.

तीन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. फोनवर मी 'अभ्यास चाललाय' म्हणते, तुम्ही 'या वयात?' म्हणता आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून आज सविस्तर लिहिते. येत्या मंगळवारी माझा शेवटचा पाठ आहे. पाठ म्हणजे परीक्षकांसमोर शिकवून दाखवायचं. असे तीन असतात. पहिल्यात मी आपटले, दुसऱ्यातही आपटले, पण जरा कमी जोरात. तिसऱ्यातही आपटले तर एम.एस्सी. नर्सिंगची पदवी नाही. पदवी नाही तर नर्सिंग शाळेतली शिक्षिकेची जागा नाही, आणि दोन वर्षांची अभ्यासरजा संपवून मी मुकाट्याने होते त्याच वॉर्डात हजर. वॉर्ड वाईट नाही हो, बावीस वर्षं काढलीत तिथे. पण आता मला शिकवायचंच आहे. एकदा मनात घेतलं की मी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर पहिल्या दिवसापासून सांगते. वर्गात शिरले तेव्हा सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले. मीही क्षणभर 'बसा' म्हणाले आणि मग त्यांच्याचमध्ये जाऊन बसले, तेव्हा असा काही हशा पिकला की विचारू नका. त्या दिवसापासून मी अख्ख्या वर्गाची मावशी. खऱ्या मॅडम पाच मिनिटांनी आल्या आणि मी पटकन वही तोंडासमोर धरली. कारण या मॅडम (वय एकतीस, चष्मा, आवाज एकदम मऊ) दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्याच वॉर्डात शिकाऊ होत्या. पलंगाच्या चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून मी त्यांना सगळ्या पेशंटांसमोर झाडलं होतं. मी विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "सिस्टर, आता कोपरे सगळे नीट असतात हं." मी उभी राहून 'हजर, मॅडम' म्हटलं.

आता पाठाचं टाचण लिहायचं असतं, त्याची गंमत ऐका. टाचणात आधी हेतू लिहायचा: या पाठाने शिकणाऱ्याचं काय होणार. मी साध्या भाषेत लिहिलं, 'विद्यार्थिनींना इंजेक्शन कसं भरावं ते कळेल.' मॅडमनी 'कळेल' या शब्दाभोवती लाल गोल काढला. म्हणाल्या, कळेल चालत नाही. मी 'समजेल' केलं. तेही नाही. 'उमजेल' केलं (म्हटलं, जरा साहित्यिक हवं असेल). त्यावर तर दोन गोल. मग त्यांनी समजावलं: कळलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, मोजता येत नाही, जे डोळ्यांना दिसेल तेच लिहा. भरून दाखवेल. टोचून दाखवेल. सांगेल. ओळखेल. मामा, मी घरी येऊन विचार करत बसले. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांना मी रोज विचारते 'कळलं का?' आणि हे रोज 'हो' म्हणतात. दाखवलं कधीच काही नाही.

पहिला पाठ इंजेक्शन भरण्याचाच होता. समोर तीन शिकाऊ पोरी, टेबलावर स्पंजाचा नकली दंड, सिरिंजा, औषधाच्या बाटलीत साधं पाणी. मी तोंडपाठ करून गेले होते. पहिल्या पोरीने सिरिंज हातात घेतली आणि बुडबुडा काढायला लागली. म्हणजे टिचकी मारत होती, पण अशी हळू, अशी हळू, की बुडबुड्याला वाटावं आपले लाड चाललेत. माझे हात शिवशिवायला लागले. बावीस वर्षं, मामा! वॉर्डात चाळीस पेशंट असतात, तिथे कोण कुणाची टिचकी बघत बसतं? 'आण इकडे' म्हटलं, सिरिंज घेतली, बुडबुडा काढला, परत दिली. मग ती सुई वाकडी धरत होती, म्हणून पुन्हा घेतली. मग दुसरीची घेतली. तिसरी शहाणी होती, तिने स्वतःहूनच माझ्या हातात दिली. एकूण पाठ अप्रतिम झाला असं माझं प्रामाणिक मत होतं. स्पंजाच्या दंडाला सुद्धा दुखलं नसेल. मॅडमच्या शेऱ्यात मात्र एवढंच होतं: 'सिरिंज विद्यार्थिनींच्या हातात चाळीस सेकंद. उरलेला पाऊण तास शिक्षिकेच्या. शिक्षिका उत्तम शिकल्या. नापास.'

नंतर त्यांनी मला खोलीत बोलावून नियमच घालून दिला: शिकवताना हात मागे. शब्दशः मागे, पाठीशी बांधलेले. दुसऱ्या पाठाला (पेशंट न उठवता त्याच्या खालची चादर बदलणे) मी तशीच उभी राहिले. हात मागे घट्ट. पण जीभ मोकळी होती ना! "डावीकडे सरक. अगं तुझी डावी. ओढ. ओढ म्हणजे चादर ओढ, पेशंटला नको ओढूस. आता गुंडाळ. थांब. श्वास घे." पोरगी इतकी भांबावली की चादर बदलून झाल्यावर तशीच हात वर करून उभी. मी 'खाली' म्हणेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, हात तिचे होते, पण हुकूम सगळे तुमचे. उद्या तुम्ही नसाल तेव्हा ती काय करेल?" पुन्हा नापास, पण शेऱ्यात 'प्रगती आहे' असं लिहिलं, हे मी मुद्दाम तुम्हाला कळवते.

मग मी ठरवलं, सराव घरीच करायचा, आणि शिकणारा म्हणजे हे. विषय: कपडे धुण्याचं मशीन. रविवारी सकाळी ह्यांना मशीनसमोर उभं केलं, एकदा सगळं करून दाखवलं आणि मी समोर स्टुलावर बसले, हात मागे, तोंड बंद. (तोंड बंद राहावं म्हणून तोंडात बडीशेप.) ह्यांनी माझे पांढरे कॉलेजचे एप्रन टाकले. मी गप्प. मग स्वतःचा लाल टॉवेल उचलला, तो माझ्या अगदी नाकासमोरून नेला आणि टाकला. मामा, तुम्हाला काय सांगू! जीव वर-खाली होत होता, बडीशेपेचं पार पीठ झालं, पण मी हूं की चूं केलं नाही. तासाभराने मशीनमधून जे निघालं ते बघून हे स्वतःच म्हणाले, "अगं, रंगीत वेगळं टाकायला हवं होतं." स्वतः म्हणाले! मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. ह्यांना वाटलं मला वेड लागलं. सोमवारी मी गुलाबी एप्रन घालून कॉलेजात गेले, पोरींनी फोटो काढले. आणि खरं सांगते, त्यानंतरच्या तिन्ही रविवारी ह्यांनी कपडे वेगळे काढूनच टाकले. फक्त आता ह्यांना कळून चुकलंय की हे काम कायमचं त्यांच्याकडे आलं, म्हणून हे मजेत नाहीत.

तर आता उरला मंगळवार. विषय ठरलाय: मधुमेहाच्या पेशंटला स्वतःचं स्वतः इन्सुलिन घ्यायला शिकवणे. या वेळी शिकाऊ पोरी नाहीत, खरा पेशंट, आणि त्याने माझी मदत न घेता टोचून दाखवायचं. तयारी जोरात आहे. काळजी करू नका. मामींना नमस्कार सांगा. पत्र वाचून झाल्यावर नेहमीसारखं चष्म्याच्या घराखाली ठेवून विसरू नका.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते)
भाची

ता. क. : लिहायचं राहिलं. पाठासाठी जो पेशंट ठरला होता त्याला डॉक्टरांनी काल घरी सोडलं. मॅडम म्हणतात, दुसरा तुम्हीच शोधा, पण असा हवा की ज्याला इन्सुलिन चालू आहे आणि जो स्वतः सुईला हात लावत नाही. मी म्हटलं, असा एक माझ्या ओळखीत आहे. तुमचं नाव दिलंय. रागावू नका. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुकानात बसून घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या, त्याला सहा मिलिमीटरची सुई भिववते, यावर इथे कुणाचा विश्वास बसत नाहीये.

ता. क. दुसरा : मामींना विचारू नका, त्यांना हे माहीत आहे. तुमची बॅग त्यांनी कधीच भरलीय. सोमवारी दुपारच्या गाडीत त्या तुम्हाला बसवतील, हे स्टेशनवर घ्यायला येतील.

ता. क. शेवटचा : हे लिहू की नको, असं करत दोनदा पाकीट बंद केलं. पंधरा दिवसांपूर्वी मी एका रात्रीपुरती धावतपळत आले होते ना, तेव्हा सकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे डोळे गच्च मिटून भिंतीकडे तोंड करून बसलात, म्हणून तुम्ही पाहिलं नाही. मामींना सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत. त्या अंदाजाने भरतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी तीनदा पुढे ढकलली, कारण 'मग ह्यांना कोण टोचणार?' त्या दिवशी मी काय केलं, तर सिरिंज त्यांच्या हातातून घेतली, भरली, तुम्हाला टोचली आणि गाडीला उशीर होतोय म्हणून निघून आले. गाडीत बसल्यावर रडू आलं. दवाखान्यातली ती मुलगी रोज सकाळी 'पाहणी' करायला येते आणि तुम्हाला ओट्यावर बसवून तुमचं वय परत परत विचारते, तिला मीच पाठवलंय. ती आधी आत जाऊन सिरिंज भरून ठेवते. पण तिची बदली झालीय, रविवारपर्यंतच येईल. सोमवारी सकाळची सिरिंज ती आदल्या दिवशीच भरून देणार आहे. मंगळवारची कुणीच भरून ठेवणार नाही, मीसुद्धा नाही. मार्क गेले चुलीत, मामा. तुम्ही या, आणि डोळे उघडे ठेवा.