तिरक्या मापाचा लॅपटॉप

चि. शहाण्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. ('शहाणा' हे नाव आईने ठेवलंय, मी फक्त इतकी वर्षं ते चालवते आहे.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच, दिवसभर खुर्चीत बसून पाठीशिवाय काय बिघडतं? वहिनीचा खोकला गेला का? तू सुचवलेली औषधं बंद कर म्हणावं तिला, आपोआप जाईल. आम्ही सगळे बरे आहोत. पत्र हाताने लिहिलंय म्हणून हसू नकोस. घरात नवाकोरा लॅपटॉप असताना माणूस पेन का शोधतो, तेच सांगायला बसले आहे.

दातांच्या डॉक्टरबाई मला घरबसल्या काम द्यायला तयार आहेत, हे तुला ठाऊक आहे. पेशंटच्या वेळा लावायच्या, दातांचे फोटो ज्याच्या त्याच्या नावावर चढवायचे. लग्न झाल्यापासून मी तुझ्या भावोजींच्या सुतारकामाची बिलं लिहीत आले, पण तो धंदा त्यांचा. हे पहिलं काम माझं, आणि मला ते फार हवं आहे, सांगायला लाज कसली. बाईंची अट एकच, एक तारखेला मशीन धड चालायला हवं, नाहीतर त्या दुसरं कुणीतरी बघणार. इकडे कन्येच्या शाळेने निम्मा अभ्यास कॉम्प्युटरवर ढकललाय. म्हणून दोघींत मिळून एक स्वस्तातला लॅपटॉप घ्यायचं ठरलं आणि मी तुझा सल्ला मागितला. तू काय पाठवलंस, तर रॅमचा एक आकडा, स्टोरेजचा एक आकडा, 'स्क्रीन चौदा इंच तरी हवी' आणि खाली एक अंगठा. सख्ख्या बहिणीला अंगठा दाखवून तू मोकळा झालास.

त्यातलं रॅम-बिम आमच्या डोक्यावरून गेलं. इंच मात्र तुझ्या भावोजींना कळतात, पण तोवर उशीर झाला होता. तुझा निरोप यायच्या आधीच त्यांनी टेबल करून टाकलं होतं. फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत, एका गिऱ्हाइकाच्या पलंगातून उरलेल्या लाकडाचं, आतून बरोबर बारा इंच रुंद. (ज्या माणसाने गावभर कपाटं केली आणि स्वतःच्या कपाटाचं दार सुतळीने बांधून ठेवलं, त्याला हे अचानक सुचलं.) आधी चप्पल ठेवायची जागा करायची आणि मग त्यात मावेल असा पाय शोधायचा, अशी आमच्या घरची पद्धत.

दुकानात हे टेप घेऊन आले. तिथला पोरगा गळ्यात पट्टा अडकवून प्रत्येक मशीनला 'बेसिक वापराला बेस्ट' म्हणत होता. बेसिक म्हणजे काय, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाला, म्हणजे जास्त काही करायचं नाही. तुझा तो चौदा इंची पुढे आला, ह्यांनी टेप लावला, पावणेतेरा भरला. चौदाचा पावणेतेरा कसा, तर पोरगा म्हणे स्क्रीन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी मोजतात, वर कड वेगळी. झालं. मी गिऱ्हाइकाचं दार तिरकं मोजलं तर मला कुणी उंबऱ्याशी उभं करेल का, असं हे विचारायला लागले आणि आजूबाजूची माणसं टीव्ही बघायची सोडून आम्हाला बघायला लागली. तिरकं काय नि सरळ काय, तो टेबलात जात नव्हता. सगळ्या दुकानात बारा इंचांत बसणारा एकच निघाला, सगळ्यात छोटा आणि सगळ्यात स्वस्त. तो टेबलात असा अलगद बसला की ह्यांनी दोनदा काढून दोनदा ठेवला.

आता त्याचे गुण ऐक. आल्या आल्या त्याने अपडेट मागितलं, आणि तेच ठेवायला जागा नाही म्हणून आमच्यावरच डाफरला. बाईंचं काम त्यात ठेवलं तर कन्येची शाळा मावत नाही, शाळा ठेवली तर काम बाहेर. रोज दुपारी एकीला हाकलायचं नि दुसरीला आत घ्यायचं. एका दाताचा फोटो तो कसाबसा उघडतो, पूर्ण जबडा उघडला की गार पडतो, अक्कलदाढेपर्यंत अजून एकदाही पोचलेला नाही. परवा पडद्यावर तोंड वासून कुणीतरी थिजलेलं दिसलं, मी पेशंट समजून नाव शोधायला लागले. त्या कन्येच्या गणिताच्या बाई होत्या. बटणं इतकी चिकटून आहेत की एकाला हात लावला की दोन अक्षरं उमटतात. आणि तुझ्याकडे ते जुन्या लॅपटॉपचं काळं धूड आहे ना, ज्याच्या पंख्याच्या आवाजाने मागच्या वेळी आम्हाला दारात कुणी आल्यासारखं वाटलं, तसलं घरात आणण्यापेक्षा मी पाटीवर लिहीन, असं मीच म्हणाले होते. शब्द माझाच आहे, नाकारत नाही.

असो. जपून राहा, जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी ताई

ता.क. : ते धूड अजून आहे का? असेल तर एक तारखेच्या आत मिळेल त्या गाडीने पाठव. आणि अंगठा पाठवू नकोस.

ता.क. दुसरा : पाठवताना भावोजींना फोन करून सांग की तुझ्याकडे जागा अडते म्हणून ठेवायला दिलंय. टेबलाचं नाव काढू नकोस. मी भाजी चिरत बसलेली असताना त्यांनी माझ्या कोपराची उंची मोजून नेली होती, मला वाटलं काहीतरी चाळा चाललाय. या घरात माझी म्हणून केलेली ती पहिली वस्तू आहे. म्हणून दुकानात मी तोंड उघडलं नाही. ती फळी मोडू द्यायची नाही मला. धूड मांडीवर घेईन, पण बसेन तिथेच.

ता.क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी हे येऊन उभे राहिले, हातात स्क्रू ड्रायव्हर. कुणाला लिहितेस विचारलं, मी म्हटलं शहाण्याला. फ्रिज सरकवता येतो, म्हणाले, त्याच्या त्या मोठ्या मशीनचं माप मागव. आणि त्याला म्हणावं सरळ मोज, तिरकं नको.