निमंत्रकांच्या ओळीपाशी झोपणारा कॉम्प्युटर

रविवार, ४ एप्रिल १९९९. श्रीरामपूर. सकाळी ७.
कारखान्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर अखेर घरात सुरू झाला. डबा जुना, आत मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्प्ले कार्ड सगळं नवं. दुकानातल्या गोरक्षनाथने दोन दिवस खपून जुळवलं, पण कल्पना माझी. कीबोर्डही नवाच. उजवीकडे वरच्या कडेला तीन जादा बटणं आहेत, त्यांचं काहीतरी तो सांगत होता. मी मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे. बटणं मला कोणी शिकवू नयेत.

टेबल फारच लहान. ही वही कीबोर्डच्या वरच्या कडेवर टेकवून लिहावी लागते. सवय होईल.

संकल्प: सायलीच्या लग्नाची पत्रिका घरी, स्वतः करायची. लग्न ९ मे, अधिक महिना लागायच्या आत. वीस तारखेपर्यंत पत्रिका वाटून मोकळा. मजकूर डोक्यात तयार आहे, फक्त निमंत्रकांची नावं राहिलीत.

मंगळवार, ६ एप्रिल. संध्याकाळी.
पत्रिकेच्या डोक्यावर गणपती बसवला. मुहूर्त टाइप केला. 'निमंत्रक' लिहिलं आणि पहिलं नाव कोणाचं, हे जरा वहीत मांडून बघावं म्हटलं, तर स्क्रीन काळा. समोरचा दिवा नुसता मिचमिचतोय. कॉम्प्युटर झोपला. उठवूनही उठेना. स्विच बंद करून पुन्हा चालू. मजकूर गेला.

गोरक्षनाथ म्हणाला, डिस्प्ले कार्डची भानगड असेल. मला हे आधीच वाटलं होतं.

शुक्रवार, ९ एप्रिल.
दुसरं कार्ड टाकलं. आज पुन्हा निमंत्रकांपाशीच झोपला. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन जिथे जिथे मिनिटं होती तिथे 'नेव्हर' केलं. ते नोंदवायला वही घेतली, तेवढ्यात पुन्हा अंधार.

सायलीने विचारलं, काकांचं नाव घातलंत का. मी म्हणालो, कार्ड खराब आहे.

मंगळवार, १३ एप्रिल.
एकदा लिहून टाकतो म्हणजे डोकं हलकं होईल. काकासाहेब माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अकोले तालुक्यात गावी शेती बघतो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं, हर्षलचं लग्न झालं. त्या पत्रिकेत मी, सख्खा भाऊ, सातवा. माझ्या वर त्याचा मेहुणा, दोन साडू, अगदी ट्रॅक्टरच्या एजन्सीवालासुद्धा. मी लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून बोलणं नाही. राग मात्र काही धरलेला नाही.

सौ. म्हणते, राग नाही तर ती पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात का ठेवली. पुढे म्हणते, त्या पत्रिकेचा मजकूर कोणाच्या हातचा होता तेही आठवा. हा मुद्दा इथे गौण आहे.

(हे लिहीपर्यंत कॉम्प्युटर झोपला.)

रविवार, १८ एप्रिल.
तिसरं कार्ड, जुनं, गोरक्षनाथच्या खोक्यातलं. गणपती हिरवा दिसतो. सौ. म्हणाली, शेवाळ आलंय.

दुपारी सायली अडीच तास त्यावर पत्ते खेळली. एकदाही झोपला नाही. म्हणजे हलक्या कामाला चालतो, मराठी फॉण्टचा भार कार्डाला पेलत नाही. शोध महत्त्वाचा. इथे नोंदवून ठेवतो.

पुन्हा झोपला.

बुधवार, २१ एप्रिल.
वीस तारीख गेली. व्याह्यांची पत्रिका येऊन आठ दिवस झाले, सुबक आहे. आपलीला वेळ लागतोय कारण दर्जा.

सायली रडली. म्हणाली, मला सायकल काकांनी शिकवली, पडले तर खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळाले, त्यांच्याशिवाय मी मांडवात उभी राहणार नाही. मी म्हणालो, नाव घालायला माझी हरकत नाही, कॉम्प्युटर झोपतो त्याला मी काय करू. ती म्हणाली, काकांची पाळी आली की झोपतो. मुलगी शिकलेली, पण टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. रात्री जेवण गेलं नाही.

शनिवार, २४ एप्रिल. पहाटे ५.
निर्णय घेतला. मोठं मन आपण दाखवायचं. निमंत्रक: श्री. काकासाहेब, पहिल्या ओळीत, ठळक. टाइप केलं. माणसाने असं वागलं तर त्याची कुठेतरी नोंद राहावी, म्हणून लगेच वही उघडली. आणि

झोपला. सेव्ह करायचं राहिलं. ही वरून आलेली खूण समजावी का, असाही विचार मनात येऊन गेला.

मंगळवार, २७ एप्रिल.
संध्याकाळी घरी आलो तर खाटेवर पत्रिकांचे गठ्ठे. सायलीने शनिवारीच प्रेसमध्ये मजकूर दिला होता. तीन दिवसांत तीनशे. गणपती लाल. निमंत्रकांत पहिला काकासाहेब, दुसरा मी. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी घेऊन उद्या मायलेकी एसटीने गावी जाणार आहेत. मला रजा मिळण्यासारखी नाही. मागितली नाही, पण मिळाली नसती.

रविवार, २ मे. दुपारी ४.
दादा आला. खांद्यावर तांदळाचं पोतं. केस पार पांढरे झालेत. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. मी त्याला कॉम्प्युटर दाखवला, तीन कार्डांचा सगळा इतिहास सांगितला. तो गावातल्या मोटारी, पंप दुरुस्त करतो, शांतपणे ऐकत होता. मी ही वही नेहमीच्या जागी टेकवली. स्क्रीन काळा. दादाने वही उचलली, तिच्याखालचं बटण बोटाने दाखवलं. म्हणाला, आरं, ह्याच्यावर चंद्र काढलाय, हे झोपायचं आसंल, तूच दाबतोयस की.

तिन्ही कार्डं चांगली आहेत.

मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. हर्षलच्या पत्रिकेचा मजकूर. अक्षर माझं. सातव्या ओळीत माझं नाव, माझ्याच हाताने लिहिलेलं. म्हणाला, तुजं अक्षर चांगलं म्हनून तुलाच लिवाया दिलं हुतं. तू सवताला खाली घातलंस. मला वाटलं, तुला आमच्यात यायचंच न्हाई. म्हनून मी बी गप ऱ्हायलो.

स्वतःचं नाव आपण वर कसं लिहायचं? मला वाटलं होतं, दादा वाचेल, रागावेल आणि आपल्या हाताने मला वर घेईल. एवढंच वाटलं होतं. हे त्याला सांगायला गेलो आणि कागदाची घडीच घालत बसलो. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे, चहा घेऊ.

आत दोघांचं हसणं चाललंय, सायली त्याला व्याह्यांचे फोटो दाखवतेय.

ही नोंद वही मांडीवर घेऊन लिहिली. कॉम्प्युटर दोन तास झाले, जागा आहे. त्याच्यावर आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.