दूध खरं होतं

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या नेमाने घेते. डोक्यातल्या बडबड्या बायका गप्प आहेत. कारखान्यात पुन्हा कॉलर जोडायला बसते. हात पूर्वीसारखाच चालतो, असं सुपरवायझर म्हणतात.

पण पाच महिने पाळी नाही. आणि सोमवारी मशीनवर बसले असताना अंगातला कुडता पुढून ओला झाला. दूध गं, ताई. मला! वहिनीला सांगितलं, तर ती दादाला म्हणाली की हिचे भास परत सुरू झाले. दादाने डॉक्टरांना न विचारताच एक गोळी वाढवली. कुडता दाखवला असता, पण भावापुढे कसा धरू?

तू तरी खरं मानशील ना? माया असू दे.

तुझी,
ठकी

दि. ११ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, आधी मलाही शंका आली. मग आठवलं, थाप मारताना तुझं अक्षर नेहमी फार सुबक येतं. हे पत्र म्हणजे कोंबडीचे पाय!

माझ्या औषधांच्या दुकानात एक डॉक्टरीणबाई येतात, त्यांना विचारलं. या गोळ्यांनी काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं. पाळी थांबते, दूधही येतं. यात लाजेचं काही नाही. रक्त तपासतात, गरोदरपणाचीही चाचणी करतात, रागावू नकोस. डॉक्टर औषध बदलू शकतात. तू मात्र मनाने गोळ्या सोडू नकोस. दादाला वेगळं लिहिते आहे, चांगलं खरमरीत.

जिवाला जप, मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

दि. २० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर आठवडाभराच्या गोळ्या मी मोरीत टाकल्या होत्या. बायका परत आल्या. कारखान्यात मी कात्री घेऊन कोपऱ्यात बसले, म्हणे. मला आठवत नाही. माझ्या मशीनवर आता दुसरी बसते.

मग मला इथे इस्पितळात आणलं, वॉर्डात रक्त तपासलं. प्रोलॅक्टिन कितीतरी पट वाढलेलं निघालं. दादाने तो रिपोर्ट वहिनीला वाचून दाखवला. औषध बदललं, दूध थांबलं, पाळी आली. बायका अजून पुरत्या गेल्या नाहीत.

वहिनी रोज येते, दुधाला भास म्हटलं म्हणून रडते. काल मी तिला म्हटलं, खिडकीखाली कुणीतरी माझं नाव घेतंय. ती लगेच म्हणाली, हो गं, मलाही ऐकू आलं. नर्सने खिडकी उघडून दाखवली. खाली कुणीच नव्हतं.

ताई, वहिनीची आता मला भीती वाटते. तू ये. आणि नसेल ते नाही म्हणून सांग. एवढा लोभ कर.

तुझी,
ठकी