फ्रिजमधली दोन इंजेक्शनं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
आज पुण्याहून आलं —
सांध्यांची इंजेक्शनं दोन, बर्फाच्या डब्यातून — १९,६००
कापूरहोळला आणून देणाऱ्या गाडीवाल्याला — १५०
कापूस, स्पिरिट — डब्यातच होतं.

एकोणीस हजार सहाशे! ह्यांचा दिवाळीचा बोनस सगळा गेला, वर माझ्या भिशीचे. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवली. बर्फाच्या खणात नाही — लेकीनं, शिवानीनं दोनदा बजावलं. दही-कोथिंबीर खाली सरकवली. पहिलं गुरुवारी टोचायचं, भोरला डॉक्टरबाईंकडे.

बोटं इतकी सुजलीत की पेन जेमतेम धरवतं. आजही देवाच्या वाती सासूबाईंनीच वळल्या. "माझं वय ऐंशी, आन् वाती मीच वळती!" म्हणाल्या. खरंच आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कोणाला सांगू? इथंच लिहिते.
मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला. म्हणाल्या, "एक बारीक डाग दिसतोय, जुना. कधी टीबी झाला होता?" हे शेजारच्या खुर्चीत. मी म्हणाले — नाही.
झाला होता. एकोणिसाव्या वर्षी, माहेरी हिर्डोशीला. चार महिने गोळ्या खाल्ल्या. मग वरव्याचं हे स्थळ आलं आणि आईनं गोळ्या बंद केल्या — भोरच्या दवाखान्याच्या रांगेत कोणी बघितलं तर? "सासरी चकार शब्द काढायचा न्हाई." तेहेतीस वर्षं नाही काढला.
पण आता काय फरक पडतो? एवढा जुना डाग!

बुधवार, ५ नोव्हेंबर
फरक पडतो.
शिवानी नर्सिंगला आहे, तिनं डब्यातला कागद वाचून सांगितलं. आपल्या अंगात टीएनएफ नावाचं प्रथिन असतं. एक पेशी दुसरीला त्याच्या हाती निरोप धाडते — जंतू आलेत, सूज आणा, लढा. माझ्या अंगात जंतू नसतानाही निरोप चालूच राहतो, म्हणून सांधे सुजतात. इंजेक्शन हा निरोप वाटेतच अडवतं.
इथपर्यंत कळलं. मग ती म्हणाली, "पण आई, टीबीचे जंतू उरलेले असले ना, तर त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण असतं. ते ह्याच टीएनएफच्या जोरावर टिकतं. त्याला अडवलं की जुना टीबी उठू शकतो. जिवावर बेततं. म्हणून आधी विचारतात. तुला विचारलं ना?"
"विचारलं," म्हणाले आणि भाकरी उलटायला उठले.
मग हे टीएनएफ चांगलं की वाईट? तेच माझी बोटं वाकडी करतं आणि तेच मला जिवंत ठेवतं? देवानं एकाच गड्याला दोन्ही कामं का दिली? काही कळत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
गेले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
संकष्टी. गणपतीपुढं बसले, पण काय मागायचं तेच सुचेना. बोटं बरी कर म्हणू की कुंपण राहू दे म्हणू?
हे मला म्हणाले, "ती इंजेक्शनं काय पुजायला ठेवलीत फ्रिजात?" मी हसले. हसायला आलं नव्हतं.
सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "त्या वरच्या आळीत टीबी निघालाय. कपबशी येगळी ठिवा बया." ऐंशीव्या वर्षीही आवाज खणखणीत!

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आज भाकरी मोडवेना. ह्यांनी माझं ताट ओढून घेतलं, भाकरी आमटीत कुस्करली, परत सरकवलं. सासूबाई बघत होत्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
भोरला गेलो. हे गाडी लावायला थांबले तेवढ्यात आत शिरले आणि एका दमात सांगितलं. कोणतं साल, किती महिने, अर्धवट सोडलं — सगळं.
डॉक्टरबाई रागावतील वाटलं. नाही रागावल्या. म्हणाल्या, "बरं झालं आज बोललात. हे इंजेक्शन आत्ता नाही द्यायचं." थुंकी तपासायची, छातीचा मोठा फोटो काढायचा. जंतू जागे नाहीत ना ते बघून आधी टीबीच्या गोळ्या, काही महिने. ह्या खेपेला पुऱ्या. मग सांध्यांचं. तोवर दुखेल.
"घरी काय सांगू?"
"खरं सांगा. गोळ्या रोज लपवून किती दिवस खाल?"
बाहेर हे उभे. टोचलं का विचारलं. मी म्हणाले, अजून एक तपासणी राहिलीय. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आज नाही जमलं. तीनदा तोंड उघडलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सांगितलं. हे म्हणाले, "ठाऊक हाय मला. साखरपुड्याआधी तुझी आई येऊन मला एकट्याला सांगून गेली. म्हणली, तुमाला ठाऊक हाय ते पोरीला कळू देऊ नका. जलमभर मान खाली घालून वागंल."
"मग डॉक्टरांपुढं गप का बसलात?"
"तू न्हाई म्हणलीस. मी कसं व्हय म्हणू?"
"आणि मी मेले असते म्हणजे?"
ह्यांनी मान खाली घातली.
आई तर आता नाही, आणि हिर्डोशीला फोनला रेंज नसते. तिथं भावाला, गेनबादादाला पाकीट टाकलं — "दादा, आईनं मला गप्प बसवलं आणि ह्यांना सांगितलं. दोन्ही का केलं? जाताना तुला काही बोलली होती का? असेल तसं लिही. उलट टपाली कळव."