न सुटणारा पट्टा

आबा, मिलिटरीनं पाठीवरची पिशवी परत बदलली. आधी बटणं होती, मग वेल्क्रो. आता खांद्याचा पट्टा असा पाहिजे, की लाल फीत ओढली की सुटून पिशवी खाली. आणि हे सगळं आधीपेक्षा कमी भावात. ज्या कंपनीचं काम आम्ही शिवतो, तिचा माणूस शेडमध्ये येऊन म्हणाला, "ताई, पट्ट्याच्या वरच्या जोडाला फुलीची टीप मारू नका. दोन सरळ टिपा बास. दोरा वाचतो." मी म्हटलं, "पावणं, ओझं तुम्ही उचलणार हाय काय?" तो हसला. सॅम्पल नापास झालं तर काम दुसरीकडं जाईल, हेही हसतच सांगितलं. माझ्या हाताखाली सहा बायका आहेत. मला हसू आलं नाही.

तिसरीत शाळा सोडून मी तुमच्या दुकानात बसले, तेव्हा तुम्ही शिरोळच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या सीटा आणि ताडपत्रीच्या पिशव्या शिवत होता. पिशवी झाली की पट्ट्यानं आढ्याच्या हुकाला अडकवायची आणि मला आत बसवायचं. मी पाय हलवतेय, तुम्ही खाली वाकून टाका बघताय. एकदा मी शिवलेलाच पट्टा उसवला आणि मी दाणकन खाली. आई धावत आली, तर तुम्ही म्हणालात, "तिला काय हुतंय? फुली मारली न्हाय तिनं. आता जल्मात विसरायची न्हाय."

विसरले नाहीच की, तिथंच घोळ झाला. सॅम्पल शिवताना वर फुली मारलीच, पण जिथं पट्टा सुटायचा तिथंही हात आपोआप फिरला. मिलिटरीकडनं तपासणीला आलेल्या साहेबांनी पिशवी पाठीवर घेतली, फीत ओढली. काही नाही. मग एकीकडनं मी ओढतेय, दुसरीकडनं कंपनीचा माणूस, साहेब मधी भोवऱ्यासारखे फिरतायत आणि बायका तोंडात पदर धरून बसल्यात. शेवटी साहेबांनी हात वर केले आणि पोराचं झबलं काढतात तशी आम्ही पिशवी डोक्यावरून काढली.

"कुणी शिवलं हे?"

"मी. वडलांनी असंच शिकवलंय."

"बाई, जवान पाण्यात पडला तर हे ओझं त्याला घेऊन बुडेल. ते सुटायलाच पाहिजे."

कशासाठी सुटायला पाहिजे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथंच मशीनवर बसून दुसऱ्या पिशवीला सुटणारा पट्टा लावून दिला. साहेबांनी तो परत परत ओढून बघितला आणि वरच्या फुलीवर बोट ठेवलं. "ही मात्र सगळ्या पिशव्यांना पाहिजे."

"साहेब, त्यानं खर्च वाढतो," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मघाशी तुम्ही दोघं एवढं ओढत होता. उसवली का?"

काम आमच्याकडंच राहिलं.

ती न सुटणारी पिशवी कुणाच्याच उपयोगाची नाही, म्हणून आढ्याला दोरीनं खालपर्यंत टांगलीय. हे पत्र तिच्या खिशात ठेवते, तुम्ही देवाघरी गेल्यापासनं तुमचा दुसरा पत्ता मला कुठं ठाऊक आहे. अजून एक, तिकडं आईला सांगू नका. आज बायका जेवायला गेल्या तशी मी मावेन तेवढी तिच्यात बसले. टाका धरून होता. पाय जमिनीला टेकत होते, ते मी उचलून धरले.