आई, तुझ्या डॉक्टरीणबाई अजून पेशंट बघतात

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात भांडत आले. आज कागदावर भांडते, कारण काल मी तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हो, नारायण पेठेतल्याच! जिना तोच, बाईही त्याच. तब्येत ठणठणीत आहे त्यांची.

का गेले? मलाही तुझ्यासारखंच अंगावरून फार जायला लागलंय. खराडीच्या ऑफिसात खुर्चीवरून उठले की आधी मागे वळून बघते. शेजारची केतकी म्हणाली, "अगं, माझ्या डॉक्टरांकडे जा ना! सो स्वीट! आईसारख्या समजावतात." पत्ता ऐकला आणि ओळखलं. म्हटलं, बघू या, आपल्या वाट्याला किती गोड येतं.

आठवतं, आपण त्यांच्याकडे गेलो त्या दिवशी तू विहारात जायची पांढरी साडी नेसली होतीस? मी म्हणाले होते, "आज रंगीत नेस गं." तू म्हणालीस, "गबाळ्यासारखं गेलं की लोक तसंच वागवतात." पोस्टातली नोकरी, कडक इस्त्री, शुद्ध बोलणं. काय उपयोग झाला?

बाईंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव. मग आवाजच बदलला. "मिस्टर पितात का?" बाबा! ज्यांनी जन्मात सुपारीसुद्धा चघळली नाही! आणि तू काय केलंस? "नाही हो, मॅडम," म्हणून हसलीस. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दुखतं का, तर म्हणे "थोडं"! घरी उशी तोंडात धरून कळ सोसणारी तू! कण्हलं तर "यांना नाटकं करायची सवयच असते" म्हणतील, ही तुझी भीती. त्यांनी तुझं "थोडं" लगेच उचललं. "तुमच्यातल्या बायका काटक असतात. पाळी जाताना व्हायचंच असं." तपासायला झोपवलंसुद्धा नाही. हात लावला नाही गं तुला! लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

तू उठलीस तेव्हा साडीला डाग पडला होता. घंटी ऐकून आत आलेल्या मदतनीस बाईनं तुझ्यादेखत त्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं, आणि "सॉरी" तू म्हणालीस. रिक्षात स्वारगेटपर्यंत माझ्याकडे बघितलं नाहीस. पुढे कॅन्सर कळला, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "आजवर कोणी आतून तपासलं नव्हतं का?"

काल माझ्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. "या ना! आयटी का? स्ट्रेस फार, नाही?" मग आडनाव विचारलं. "अरे वा! आता तुमच्यातल्याही मुली पुढे येतायत." केवढं कौतुक!

"घरात कोणाला असा त्रास होता?"

"आईला. ती त्यातच गेली."

"मग वेळेवर दाखवलं नाहीत का कोणाला?"

"तुम्हालाच दाखवलं होतं. तुम्ही हात लावला नाहीत."

पेन थांबलं. "आठवत नाही हो. इतके पेशंट येतात."

"मला आठवतं," म्हणाले आणि उठले. तडक जिना उतरले. रागानं, आणि भीतीनंही. आता जायचं कोणाकडे?

आज घराजवळच, वाघोलीत, एका नव्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी आहे. दुखतं का म्हणाली, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "थोडं!" तुझंच गं! तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "ताई, माझी आईपण थोडंच म्हणायची. खरं सांगा, उभं राहवतं का?" मी तिथेच रडले. तिनं रडू दिलं, मग नीट तपासलं. गाठी आहेत. अजून तपासण्या करायच्यात, बहुतेक ऑपरेशन लागेल. पण वेळेत आलात, म्हणाली.

तुला का नाही गं मिळाली अशी कोणी?

तुझी ती साडी माझ्याकडेच आहे. किती धुतली तरी डाग गेला नाही, आणि आता मी धुणारही नाही. शब्द देते, आई. बरी झाले की पौर्णिमेला तीच नेसून विहारात जाईन, पदर मागे ओढून डाग न झाकता. बायका विचारतीलच, हे काय गं? मग सांगेन हा कुठल्या दवाखान्यात पडला ते. डॉक्टरांच्या नावासकट. आणि अजिबात हसणार नाही.

तुझी,
सुजाता